गोगलगाय, पोटात पाय आणि पाठीमागे तोंड

कानात इयरफोन घालण्यापेक्षा स्क्रोल करत वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर', 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी मजकूर तोच आहे.

सुरुवात एका म्हणीपासून. 'गोगलगाय आणि पोटात पाय.' वरून गरीब, साधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा दिसणारा माणूस आतून पक्का असला की आपण असं म्हणतो. आता गंमत बघा. गोगलगायींच्या अख्ख्या वर्गाचं शास्त्रीय नाव आहे गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि पोड म्हणजे पाय. म्हणजे आपल्या आज्यांची म्हण आणि शास्त्रज्ञांचं नाव शब्दशः एकच आहे.

पण म्हणीतला खरा इशारा वेगळा आहे: वरच्या रूपावरून आतलं ओळखायला जाऊ नका. आजची गोष्ट ज्या गोगलगायींची आहे, त्यांच्या बाबतीत हा इशारा शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा मिळत गेला, दीडशे वर्षांहून जास्त काळ. या गोगलगायी मोहरीच्या दाण्याएवढ्या. कुलाचं नाव डिप्लोमॅटिनिडी. नाव जड आहे, पण एपिसोड संपेपर्यंत ते तोंडात बसेल. आणि या गोष्टीतला एक धागा थेट मुंबईच्या परिसरातून आणि आपल्या अहमदनगरमधून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून जातो.

एक छोटा खुलासा. शाळेच्या पुस्तकात आपण कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड शिकलो. रोजच्या बोलण्यात मात्र आपण 'प्रजाती' हा शब्द कशालाही वापरतो. गोंधळ नको म्हणून मी कुल, जीनस आणि स्पीशीज म्हणणार आहे. कुल म्हणजे मोठा फोल्डर, जीनस म्हणजे आतला फोल्डर आणि स्पीशीज म्हणजे फाइल.

फोल्डरमध्ये सगळं कोंबलेलं

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनिअसने आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांची अधिकृत शास्त्रीय नावं तिथून मोजली जातात. त्यात गोगलगायी, शिंपले, कवड्या हे सगळं 'कृमी' नावाच्या एका गठ्ठ्यात होतं. कोडिंग करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये 'मिसलेनियस' नावाचा एक फोल्डर असतोच.

लिनिअसच्या काळात वर्गीकरणाचा आधार होता कवच. ते समजण्यासारखं आहे. प्राणी मरतो, सडतो. कवच मात्र डबीत घालून जहाजाने लंडन-पॅरिसला पाठवता येतं. त्यामुळे युरोपातल्या टेबलावर बसलेल्या माणसाला हजारो कवचं दिसायची आणि त्यांच्या आतला जीव क्वचितच दिसायचा. पोटातले पाय बघायची सोयच नव्हती म्हणा ना!

मग हळूहळू लक्षात आलं की जमिनीवरच्या गोगलगायींत दोन वेगळी घराणी आहेत. पावसाळ्यात आपल्या कुंडीत, भिंतीवर दिसणारी नेहमीची गोगलगाय घ्या. तिला शिंगांच्या दोन जोड्या असतात आणि डोळे लांब शिंगांच्या टोकाला असतात. कवचाचं तोंड उघडं असतं. दुसऱ्या घराण्यातल्या गोगलगायीला शिंगांची एकच जोडी, डोळे शिंगांच्या बुडाशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठीवर एक छोटं झाकण असतं. जीव आत गेला की हे झाकण दारासारखं बंद होतं.

हे झाकण म्हणजे साधी ॲक्सेसरी नाही, ती घराण्याची खूण आहे. झाकणवाल्या ज्या गोगलगायींबद्दल आज आपण बोलतोय, त्यांचं मोठं घराणं सीनोगॅस्ट्रोपोडा. याच घराण्यात सारीपाटावरची कवडी येते आणि देवघरातला शंखही येतो. म्हणजे जंगलातल्या पाल्याखाली राहणारी ही मोहरीएवढी गोगलगाय, शेजारच्याच पानावर बसलेल्या नेहमीच्या गोगलगायीपेक्षा समुद्रातल्या कवडीच्या जास्त जवळची आहे! समुद्र सोडून जमिनीवर येण्याचा उद्योग गोगलगायींनी एकदाच केला नाही, वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या वेळी केला. जमिनीवर आल्यावर गरजा सारख्या, म्हणून रूपही सारखं झालं. नेमका इथेच घोटाळा सुरू होतो.

बेन्सनसाहेबांची गोगलगाय चुकीच्या घरात

विल्यम हेन्री बेन्सन हे बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी. काम सरकारी, वेड गोगलगायींचं. १८४९ साली त्यांनी हिमालयातल्या बारीक गोगलगायींसाठी एक नवा जीनस जाहीर केला, डिप्लोमॅटिना. आणि तो ठेवला कॅरिकियम नावाच्या गोगलगायींच्या कुलात.

कॅरिकियमही इवलीशी. तिलाही शिंगांची एकच जोडी, डोळे बुडाशी. वरवर सगळं जुळतं. पण कॅरिकियमला झाकण नसतं, डिप्लोमॅटिनाला असतं. मात्र ते इतकं पातळ, आणि जीव आत शिरला की कवचात इतकं खोल जातं, की नुसतं कवच हातात घेऊन ते दिसणं कठीणच. म्हणजे या कुलाच्या इतिहासाचा पहिला अध्यायच चुकीच्या पत्त्यावर लिहिला गेला.

दुरुस्ती व्हायला फार वेळ लागला नाही. जर्मनीतल्या कासेल शहरात लुई फायफर नावाचे गृहस्थ होते. शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्यभराचे दोन छंद म्हणजे निवडुंग आणि गोगलगायी. झाकणवाल्या जमिनीवरच्या गोगलगायींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. बेन्सनच्या जीनसवरून त्यांनी वेगळा गट केला, आणि आजही डिप्लोमॅटिनिडी या कुलाच्या नावापुढे 'फायफर, १८५६' असंच लिहितात.

बेन्सनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १८४७ मध्ये त्यांनी मॉरिशसहून जिवंत आणलेल्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कोलकात्यात एका बागेत सोडल्या. तीच ही जायंट आफ्रिकन स्नेल. भारतातल्या तिच्या प्रवासाची सुरुवात तिथून मानतात, आणि आज ती महाराष्ट्रातही पिकांना छळते. ज्या माणसाने भारतातल्या इवल्या गोगलगायींना नाव दिलं, त्याच माणसाने देशाला गोगलगायींची सगळ्यात मोठी डोकेदुखीही दिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दोन भाऊ आणि नगरचे पाद्रीबाबा

आता येतात ब्लॅनफर्ड बंधू, विल्यम आणि हेन्री. दोघेही १८५५ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरीला आले. धाकटे हेन्री पुढे भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. थोरले विल्यम 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या प्रसिद्ध ग्रंथमालेचे पहिले संपादक झाले. पण १८६० मध्ये दोघे तरुण होते, आणि त्यांनी मिळून निलगिरीतल्या एका विचित्र गोगलगायीचं वर्णन छापलं.

विचित्र कशी? गोगलगायीचं कवच साधारण एका जिन्यासारखं गोल गोल फिरत खाली येतं आणि शेवटी तोंड उघडतं. हिचा शेवटचा वेढा मात्र अचानक दिशा बदलतो, उलटा वर चढतो आणि तोंड मागच्या बाजूला उघडतो. म्हणून त्यांनी नाव दिलं ऑपिस्थोस्टोमा. ऑपिस्थेन म्हणजे मागे, स्टोमा म्हणजे तोंड. पोटात पाय होतेच, आता तोंडही पाठीमागे!

प्रश्न असा की असल्या कवचाचा मालक कोणत्या घराण्यातला? कवच इतकं वेगळं असेल तर नुसत्या कवचावरून नातं जुळवणं म्हणजे पगडी बघून गोत्र सांगण्यासारखं आहे. खुद्द प्राणी बघायला हवा, झाकण बघायला हवं.

आणि इथे महाराष्ट्र येतो. १८६६ मध्ये विल्यम ब्लॅनफर्डने ऑपिस्थोस्टोमावर पुन्हा लेख लिहिला. त्यात मुंबईच्या परिसरातल्या एका नव्या स्पीशीजचं वर्णन होतं, आणि सोबत प्राण्याचं आणि त्याच्या झाकणाचंही. या स्पीशीजचं नाव ऑपिस्थोस्टोमा फेअरबँकी. हे फेअरबँक कोण? सॅम्युअल बेकन फेअरबँक, अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. आयुष्याची कित्येक वर्षं नगर आणि परिसरात घालवलेला माणूस. पक्षीनिरीक्षकांना हे नाव माहीत असेल, कारण १८७६ मध्ये त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या आसपासच्या पक्ष्यांची यादी छापली होती. पक्षी बघता बघता त्यांचं लक्ष पायाखालच्या पाल्यातही होतं, हे विशेष.

आपण लोणावळा-खंडाळ्याला जातो ते भजी, चिक्की आणि रील्ससाठी. त्याच सह्याद्रीत मोहरीएवढा, मागे तोंड असलेला, कवडीचा लांबचा नातेवाईक नांदतो, आणि जगभरच्या ऑपिस्थोस्टोमांना ओळखायला १८६६ मध्ये त्याने मदत केली होती, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

जोडा, तोडा, पुन्हा जोडा

यानंतरचा काळ म्हणजे रिफॅक्टरिंगचा काळ. १८६५ मध्ये लंडनच्या हेन्री ॲडम्सने बोर्निओकडच्या अशाच पिळदार कवचाच्या गोगलगायींसाठी वेगळा जीनस केला, प्लेक्टोस्टोमा. नंतरच्या लोकांना वाटलं, दोघींचं तोंड वाकडंच आहे, वेगळं फोल्डर कशाला? प्लेक्टोस्टोमा ऑपिस्थोस्टोमातच विलीन झाला. वरच्या पातळीवरही तेच. कोणी डिप्लोमॅटिनिडी हे स्वतंत्र कुल मानायचं, तर कोणी या सगळ्यांना सायक्लोफोरिडी नावाच्या मोठ्या कुलात घालायचं.

१९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या टेरा फान बेन्थेम युटिंग या डच संशोधक बाईंनी मलायातल्या सगळ्या ऑपिस्थोस्टोमांचा आढावा छापला. त्यांनीही हा जीनस सायक्लोफोरिडीतच ठेवला होता. आजच्या दृष्टीने ते घर बदललंय. पण त्यांचं दुसरं काम टिकलं. एकेका टेकडीवरची एकेक स्पीशीज त्यांनी नाव, वर्णन आणि ठिकाणासकट नोंदवली.

ठिकाणाला इतकं महत्त्व का? कवच बनवायला कॅल्शियम लागतं. मलेशियात चुनखडीच्या सुट्या सुट्या टेकड्या आहेत, सपाट जमिनीतून एकदम वर आलेल्या. गोगलगायींसाठी प्रत्येक टेकडी म्हणजे एक बेट. मिलिमीटरभराचा जीव एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर सहज जाणार कसा? त्यामुळे लाखो वर्षांत कित्येक टेकड्यांवर स्वतःची वेगळी स्पीशीज तयार झाली. जगात दुसरीकडे कुठेच नाही, फक्त त्या एका टेकडीवर.

युटिंगबाईंनी नोंदवलेल्या स्पीशीजपैकी एक होती सायाफिलम. अर्थ, सावली आवडणारी. पत्ता: बुकिट पांचिंग, पहांग राज्य, मलेशिया.

आणि चुनखडीच्या टेकडीचा अजून एक उपयोग असतो. सिमेंट.

उपग्रहातून दिसलेला शेवट

२००८ मध्ये मेनो स्खिल्थाउझेन आणि रूबेन क्लेमेंट्स या दोन संशोधकांनी एक साधी गोष्ट केली, जी तुम्ही-आम्ही फोनवर करू शकतो. त्यांनी गूगल अर्थ उघडलं आणि बुकिट पांचिंग शोधलं. टेकडी नव्हती. खाणीने ती पूर्ण खाऊन टाकली होती, आणि तिच्या जागी जमिनीत खड्डा होता. सावलीत राहणाऱ्या गोगलगायीची सावलीच उचलून नेली होती. आज आययूसीएनच्या यादीत या स्पीशीजपुढे 'नामशेष' असं लिहिलंय. तिची कवचं आता फक्त संग्रहालयांच्या संग्रहात आहेत.

थांबा, इथे जरा विचार करा. ती गेली हे आपल्याला कळलं कसं? उपग्रहाला गोगलगाय दिसत नाही. उपग्रहाला फक्त खड्डा दिसतो. तो खड्डा म्हणजे एका स्पीशीजचा अंत आहे, हे कळायला १९५२ ची ती नोंद लागली. नाव, वर्णन, पत्ता. ती नोंद नसती तर तो नुसता खड्डा राहिला असता.

मंडळी, वर्गीकरण म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवण्यासारखा रिकामा छंद आहे असं अनेकांना वाटतं. पण डेटाबेसमध्ये जी एंट्रीच नाही, ती डिलीट झाली हे कोणालाही कळत नाही. ना एरर येते, ना लॉग.

आतलं बघायची सोय झाली

एकविसाव्या शतकात अखेर पोटातले पाय दिसायला लागले, म्हणजे डीएनए. २०१२ मध्ये स्खिल्थाउझेन आणि सहकाऱ्यांनी या कुलाचा डीएनए तपासून वंशवृक्ष मांडला. युरोपातला कॉक्लोस्टोमा नावाचा गट इतकी वर्षं याच कुलात धरला जायचा. त्याचं वेगळं कुल झालं. बेन्सनच्या डिप्लोमॅटिना या जीनसमध्ये आपण ज्या स्पीशीज भरत आलो, त्या सगळ्या एका फांदीवरच्या नाहीत असंही दिसलं. कवचं सारखी, वंश वेगळे. तीच जुनी म्हण!

मग २०१४ मध्ये मलेशियाचे लिऊ थोर सेंग आणि सहकाऱ्यांनी प्लेक्टोस्टोमाला पुन्हा स्वतंत्र जीनस म्हणून उभं केलं. मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि इंडोचायना मिळून ३१ स्पीशीज, त्यातल्या १० नव्या. म्हणजे १८६५ मधला ॲडम्सचा फोल्डर साधारण दीडशे वर्षांनी रिस्टोअर झाला, जुन्याच नावाने. प्राण्यांच्या नावांचा नियमच असा आहे की जे नाव आधी छापलं गेलं त्याचा मान पहिला. त्यामुळे जुनी नावं कधी पुसली जात नाहीत. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणजे काय हे शिकायचं तर या लोकांकडून शिकावं.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी कवचांचे सीटी स्कॅन काढले, थ्रीडी मॉडेल बनवली आणि सगळा डेटा खुला ठेवला. फायफरच्या काळात कवच बघायला कासेलला जावं लागलं असतं. आता नगरचा कॉलेजचा मुलगाही मलेशियातली गोगलगाय स्क्रीनवर फिरवून बघू शकतो.

कवचं मात्र अजूनही धक्के देतात. २००८ मध्ये मलेशियातून ऑपिस्थोस्टोमा व्हर्मिक्युलम नावाची एक स्पीशीज जाहीर झाली. बहुतेक गोगलगायींचं कवच एका अक्षाभोवती फिरतं. हिचं चार वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरतं. जिलेबी पाडताना हलवायाचा हात घसरावा, तसं.

मग आपलं काय?

आता बेन्सनच्या त्या आफ्रिकन पाहुणीकडे परत येऊ. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, दुबार पेरणीची वेळ आली, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. शेतकऱ्याचं ते नुकसान खरं आहे, आणि त्यावर उपाय करायलाच हवा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला ठेवून, खाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचून मारणं हा त्यातला एक उपाय. यात जी समोर दिसते तीच मरते. पण विषारी गोळ्या टाकताना 'गोगलगाय' या एका शब्दात आपण सगळ्यांना मोजतो. सोयाबीन खाणारी हाताएवढी वाढणारी पाहुणी वेगळी, आणि जंगलाच्या पाल्यात कुजलेलं खाऊन जगणारी मोहरीएवढी मूळची रहिवासी वेगळी. हा फरक करायला शिकणं यालाच वर्गीकरण म्हणतात. ते संग्रहालयात सुरू होत असेल, पण त्याची गरज बांधावर आणि घाटातल्या रस्त्याच्या कामावर पडते.

सह्याद्रीत चुनखडीच्या टेकड्यांसारखी बेटं नाहीत, पण जांभ्याचे सडे, देवराया, घाटमाथ्यावरचे जंगलाचे तुकडे आहेत. एकेक तुकडा कमी होतोय. त्या पाल्याखाली काय होतं याची नोंद असेल तरच उद्या कोणी विचारू शकेल की ते कुठे गेलं.

तर यंदा पावसाळ्यात ट्रेकला गेलात की पाच मिनिटं थांबा. ओल्या पाल्याकडे, शेवाळ धरलेल्या दगडाकडे फोनचा मॅक्रो मोड लावून बघा. बारीक दाण्यासारखं काही दिसलं तर उचलू नका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहा, आणि आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाका. ओळख पटवायला पुढे कोणीतरी येईल. फेअरबँकसाहेबांकडे यातलं काहीच नव्हतं, तरी त्यांनी गोळा केलं आणि ब्लॅनफर्डने लिहून ठेवलं. आपल्या खिशात तर आख्खी प्रयोगशाळा आहे.

आजचा भाग इथेच थांबवतो. आवडला तर त्या मित्राला पाठवा, जो दर शनिवारी लोणावळ्याला जातो. भेटू पुढच्या भागात!